सामानगड ते मनोहरगड : गडकऱ्यांच्या उठावाची वाट

बेळगाव शहराच्या पश्चिम अंगाला एका रस्त्याचं नाव आजही रामघाट रोड आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्या कितीतरी जणांनी रामघाट पाहिलेला नसतो. हा घाट चंदगडच्या रानातून सह्याद्री उतरून भेडशीकडे आणि पुढे वेंगुर्ल्याकडे जात असे. वेंगुर्ला हे बेळगावचं बंदर होतं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेनं घाटमाथ्यावर चढायचा आणि देशावरचं धान्य याच वाटेनं खाली जायचं. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोच्या फौजेनं वीस-एकवीस दिवसांच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला घेतला. पुढे इथे छावणी वसली आणि ही वाट व्यापाऱ्यांइतकीच लष्कराच्याही कामाची झाली.

निपाणी-बेळगावच्या पट्ट्यात राहणाऱ्याला डोंगर दिसतो तो नेहमी मावळतीकडे. तिकडूनच आपल्याला पाणी येतं. वेदगंगा भुदरगडाच्या डोंगरांतून निघते, गारगोटी-मुरगूड करत निपाणीच्या शिवारात उतरते. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरला येते. या दोन नद्यांच्या उलट दिशेनं, म्हणजे पाण्याच्या मुळाकडे चालत गेलं की १८४४ सालच्या युद्धाची भूमी लागते. सामानगड, भुदरगड, रांगणा आणि घाटाखाली मनोहर-मनसंतोष. शाळेच्या पुस्तकात या युद्धाला फार तर दोन ओळी मिळतात, ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हणून. मला ते शेतकऱ्यांचं युद्ध वाटतं. ज्यांच्या हातात भाला होता आणि ज्यांच्या नावावर गडाखालची जमीन होती, अशा कुटुंबांनी आपल्या जमिनीसाठी केलेलं ते युद्ध होतं. त्या डोंगरांतून पायी गेल्याशिवाय ते नीट उमगत नाही.

गडकरी म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. मराठेशाहीत गडावरची शिबंदी वंशपरंपरेची असे. बापानंतर मुलगा त्याच बुरुजावर, त्याच दरवाजावर उभा राहायचा. त्याबदल्यात गडाच्या पायथ्याची, घेऱ्यातली जमीन त्यांच्याकडे चालत असे. गड राखायचा आणि गडाखालची जमीन खायची, असा तो सरळ व्यवहार होता. गडावर मराठे होते, तसेच मेटांवर, म्हणजे गडाच्या वाटेवरच्या चौक्यांवर, आणि घेऱ्यात रामोशी, बेरड, महार होते. रात्रीची गस्त, चोरवाटांची राखण, खालच्या गावांतली खबर ही कामं त्यांच्याकडे. अशा घरांना पगारपत्रक नसतं. त्यांची सनद म्हणजे तो गडच.

कोल्हापूरच्या दरबारावर कंपनी सरकारचा फास हळूहळू आवळत होता. १८२७ ते १८२९ या काळातल्या तहांनी चिकोडी आणि मनोळी हे मुलूख कोल्हापूरकरांच्या हातून गेले. १८३८ साली राजे शहाजी ऊर्फ बुवासाहेब वारले. गादीवर आलेले शिवाजी ऊर्फ बाबासाहेब लहान होते. कारभार आईसाहेब, दिवाणसाहेब आणि दरबारी मंडळींच्या ओढाताणीत सापडला. शेवटी कंपनीनं दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून बसवलं. पंडितांनी वसुलीची घडी बसवायला घेतली आणि तिच्या ओघात गडांचा कारभारही मामलेदारांच्या कचेरीखाली आणायला सुरुवात केली. कागदावर ही सुधारणाच होती. गडावरच्या माणसाला मात्र तिचा अर्थ लगेच कळला. आज हिशेब कचेरीत गेला, तर उद्या जमीनही जाणार.

ही भीती हवेतली नव्हती. आजूबाजूला काय घडतंय ते सगळ्यांना दिसत होतं. कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा हा शेतसनदी होता, म्हणजे चाकरीपोटी जमीन खाणारा. त्याची जमीन काढली गेली, उरलेल्या जमिनीवर सारा चढवला गेला. तो उठला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फासावर गेला. निपाणीची कथा तर आणखी जवळची. निपाणकर सिदोजीराव निंबाळकर १८३९ मध्ये वारले आणि त्यांची जहागीर कंपनीनं खालसा केली. १८४१ मध्ये अरब शिपायांनी निपाणीचा कोट बळकावला, तेव्हा बेळगावहून फौज आली आणि कोट पडला. सामानगडाच्या तटावरून नजर टाकली तर निपाणीचा टापू काही फार लांब नाही. तिथल्या तोफांची बातमी गडावर पोचली नसेल, असं मला वाटत नाही.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगड यांचे दरवाजे आतून बंद झाले.

सामानगड गडहिंग्लजपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. आता डांबरी रस्ता थेट वर जातो, पण मी पायवाट धरावी असं सुचवेन. चिंचेवाडीच्या बाजूनं चढलं की पायाखाली लाल, भोकाभोकांचा जांभा लागतो आणि मग सड्यावर एकदम मोकळं आकाश. गड उंच नाही. सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्याला तो साधा वाटेल. त्याची ताकद तटात आहे. कडा जिथे तुटतो तिथूनच चिरा वर उचललेला आहे. खालचा कातळ कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं, हे हात लावून पाहावं लागतं. कातळही जांभ्याचा आणि चिराही जांभ्याचा. ज्या दगडावर उभे आहोत, तोच काढून तट रचलेला.

गडाच्या आत सगळ्यात थांबून पाहावी ती सात कमानींची विहीर. जांभा खोल उभा कापत नेला आहे आणि त्या चरातून पायऱ्या उतरतात. एक कमान डोक्यावरून जाते, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक कमानीखाली उजेड थोडा कमी होतो, हवा थोडी गार होते. बाहेर ऊन रणरणत असताना तळाशी ओल्या दगडाचा वास असतो आणि आपलाच आवाज घुमून परत येतो. एवढं काम करणाऱ्यांनी दहा-वीस माणसांचं पाणी योजलेलं नाही. शेकडो माणसं महिनोन्‌महिने गडावर कोंडून घेऊन राहतील, हा हिशेब करून ती विहीर खोदली आहे. गडावर चोरखिंडीची अरुंद भुयारी वाट आहे, सोंड्या बुरूज आहे, भवानीचं देऊळ आहे. पण १८४४ चा वेढा समजायचा असेल तर या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं. पाणी होतं म्हणून ते लढू शकले.

देवळाच्या पारावर एक वयस्क शेतकरी भेटले. त्यांची म्हसरं सड्यावर चरत होती.

“कुठनं आलासा?” त्यांनी विचारलं.

“निपाणीकडनं, काका.”

“चालत?”

“गडावर चालत. पुढंबी जमंल तितकं चालतच जाणार हाय. गारगोटी, पाटगाव करून घाटाखाली.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पश्चिमेकडे हात करून म्हणाले, “आमच्यातली मानसं तकडंच गेली हुती म्हणत्यात. गड पडल्यावर. काही माघारी आली, काही न्हाईत. पनज्याची जिमीन गडाच्या नावानं हुती. ती मग सरकारात गेली.”

त्यांनी साल सांगितलं नाही, कुणा साहेबाचं नाव सांगितलं नाही. जमीन कुठली, ते मात्र हात करून दाखवलं. खाली, ओढ्याच्या पलीकडचा तुकडा.

बेळगावची फौज सप्टेंबरच्या मध्यावर, गणपतीच्या दिवसांत निघाली. लेफ्टनंट कर्नल वॉलेस तिचा म्होरक्या होता. सामानगडावर त्या वेळी साडेतीनशेच्या आसपास लोक आणि दहा तोफा होत्या असं सांगतात. गडकऱ्यांचं नेतृत्व मुंजाप्पा कदम यांच्याकडे होतं. इंग्रजांचे हल्ले गडावरून तीनदा परतवले गेले, ही आठवण या भागात अजून सांगितली जाते. ते दिवस डोळ्यांपुढे आणायचे तर पावसाळ्याअखेरचा गडहिंग्लजचा रस्ता आठवावा. काळ्या रानात बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं. तट फोडायला जड तोफा लागतात आणि त्या अशा चिखलातून ओढाव्या लागतात. हिरण्यकेशी दुथडी भरलेली असते. गडावरच्यांना हे सगळं बसल्या जागी दिसत होतं.

तिकडे भुदरगडावरही कोल्हापूरची दरबारी फौज चालून गेली आणि गडकऱ्यांनी तिला मागे रेटलं. उठाव गडापुरता राहिला नाही. खुद्द कोल्हापुरात बाबाजी अहिरेकर यांनी पुढाकार घेतला आणि दाजी कृष्ण पंडितांनाच कैद झाली. कंपनीनं बसवलेला कारभारी कैदेत, दोन गड हातचे गेलेले, शेजारच्या सावंतवाडी, म्हणजे वाडी संस्थानात कुजबुज सुरू. मुंबई सरकारला प्रकरणाची जात कळली. जनरल डेलामोट अधिक कुमक घेऊन सामानगडापुढे आला. त्याच सुमारास जेम्स आउट्रमही तिथे पोचला. पुढे १८५७ च्या धामधुमीत लखनौमुळे ज्याचं नाव गाजलं, तोच हा आउट्रम. तोफांनी तट फोडला आणि १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड पडला. अमावास्या नुकतीच सरली होती, नवरात्र बसण्याचे ते दिवस होते. गडावरच्या भवानीपुढे त्या वर्षी काय झालं असेल, हा विचार देवळात उभं राहिलं की मनात येतोच.

पुढचा घटनाक्रम भराभर सरकतो. नोव्हेंबरात भुदरगड गेला. कर्नल ओव्हान्स हा कंपनीचा बडा अधिकारी वाटेतच उठाववाल्यांच्या हाती सापडला आणि पन्हाळ्यावर कैदेत पडला. फौज पन्हाळ्याला भिडण्याआधी त्याची सुटका झाली. १ डिसेंबरला पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पडलं, इंग्रज आत शिरले आणि बाबाजी अहिरेकर तिथेच लढता लढता पडले. पन्हाळा गेल्यावर कोल्हापूरच्या बाकी गडांनी फार दिवस तग धरला नाही.

इथून खऱ्या डोंगरवाटेला सुरुवात होते. ज्यांना शरण जायचं नव्हतं, त्यांना जायला एकच दिशा उरली होती. घाट उतरून वाडी संस्थानात आणि वेळ पडली तर त्याही पलीकडे गोव्यात. तिथे फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य; इंग्रजांचा हुकूम चालायचा नाही.

गारगोटीहून भुदरगड उजव्या हाताला ठेवून पाटगावकडे गेलं की जमीन चढत जाते आणि रान दाट होतं. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, अशी परंपरा आहे. त्यापुढे भटवाडी, चिक्केवाडी. चिक्केवाडीनंतर माणसांची चाहूल संपते. झाडोरा असा की दुपारीसुद्धा वाटेवर उन्हाचे कवडसेच पडतात. पावसाळा नुकताच सरला असेल तर जळवा बुटांत शिरतात. मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवावी. गव्यांचे ताजे माग चिखलात दिसतात, आणि असा माग दिसला की बोलत, काठी आपटत चालावं, म्हणजे जनावर बाजूला होतं. ढोरवाटा इतक्या फुटतात की गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय इथे पाऊल टाकू नये. मग रान एकदम बाजूला होतं आणि समोर रांगणा उभा राहतो. तिन्ही बाजूंना कोकणात तुटलेले कडे आणि घाटमाथ्याशी जोडलेली एक चिंचोळी धार.

त्या धारेवर उभं राहून खाली पाहिलं की पळणाऱ्यांची निवड लक्षात येते. समोर नारूरच्या बाजूचा कोकण. दक्षिणेकडे सह्याद्रीच्या कण्याला चिकटून, पण मधल्या दरीनं तुटलेला मनोहरगड. त्याला लागून मनसंतोष, इतका सुटा की त्याच्या माथ्यावर आज दोराशिवाय जाता येत नाही. खाली शिवापूर, शिरशिंगे ही गावं आणि सगळीकडे रान. तोफ इथे आणायची कुठून, हा प्रश्न पाहताक्षणी पडतो. मैदानात जी फौज भारी पडत होती, तिला या घळींत आणि नाळांत चालणं मुश्कील होणार, हे डोंगरात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नसेल. आग्र्याहून सुटल्यावर १६६७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज महिनाभर मनोहरगडावर राहिले होते. जागेची पारख जुनीच होती.

सावंतवाडीतही जमीन तापलेलीच होती. १८३८ मध्ये खेम सावंतांना बाजूला सारून कंपनीनं तिथला कारभार हाती घेतला होता. फोंड सावंत तांबुळकर हे वाडीतले जुने सरदार आपल्या आठ मुलांसह उठले. मनोहरगडाची शिबंदी त्यांच्याबरोबर गेली. संस्थानचे वारस अण्णासाहेब यांनाही त्यांनी आपल्या बाजूला ओढलं आणि त्यांच्या नावानं सारावसुली सुरू केली. घाटमाथ्यावरून सटकलेले गडकरी इथे येऊन मिळाले. सामानगडाचा तट सोडलेल्या माणसाला इथे पुन्हा एक तट मिळाला.

आउट्रमनं या टापूत केलेली मोहीम वेगळ्या जातीची होती. रस्ते नव्हते म्हणून त्यानं हलकी तुकडी केली आणि वाडीकडून रानातून शिवापूरच्या अंगाला घुसला. डेलामोटची फौज घाटमाथ्यावर होती. वरून एक आणि खालून एक, असा पेच टाकून मधलं जंगल पिंजून काढायचं. झाडं तोडून वाटा अडवलेल्या, प्रत्येक नाळेच्या तोंडाशी दगड रचलेले, झाडीतून बंदुकीचा एखाददुसरा बार आणि मग पुन्हा सामसूम. असं कितीतरी दिवस चाललं. १८४५ च्या जानेवारीअखेर मनोहर-मनसंतोष इंग्रजांच्या हाती आले. फौज वर पोचली तेव्हा मुख्य माणसं निघून गेली होती. कड्यावरच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. ती सरळ गोव्यात उतरली. इंग्रजांनी माणसं परत मागितली आणि पोर्तुगीजांनी ती द्यायला नकार दिला.

शिवापूरकडून मनोहरगड चढताना वाट आधी झाडीतून आणि मग कातळाच्या अंगानं जाते. माथ्यावर दगडाची जोती आहेत, पाणी आहे, पडका दरवाजा आहे. गडाच्या कडेला उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की सह्याद्रीची भिंत इतकी जवळ दिसते की हाक मारावी आणि पलीकडून ओ यावी. त्या भिंतीवर शत्रू आणि आपण या सुळक्यावर, मध्ये दरी. किती रात्री त्यांनी पलीकडच्या शेकोट्या मोजल्या असतील! इतिहासात या माणसांची नावं फारशी उतरलेली नाहीत. कोल्हापूरचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट मेजर ग्रॅहम याचा संस्थानावरचा मोठा अहवाल १८५४ मध्ये छापला गेला. गड, गावं, जाती, पिकं, सगळ्यांचा तपशील त्यात आहे. उठावाची जी हकीकत आज आपल्यापुढे आहे ती बहुतेक अशाच कागदांतून, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून आलेली. म्हणून सामानगडाच्या पारावरच्या म्हाताऱ्यानं हात करून दाखवलेला तो तुकडा मला महत्त्वाचा वाटतो. ती दुसऱ्या बाजूची नोंद आहे, आणि ती कुठल्याही दप्तरात नाही.

उठाव मोडल्यावर कंपनीनं नेमकं तेच केलं, ज्याच्या भीतीनं तो झाला होता. वंशपरंपरेच्या शिबंदीची पद्धत बंद झाली. गडांचे दरवाजे, बुरूज पाडले गेले. उठाव मोडण्याचा खर्च कोल्हापूर संस्थानच्याच माथी मारण्यात आला आणि १८६२ पर्यंत राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीत गेला. गडकऱ्यांच्या पोटी जन्मलेली मुलं गडाखालच्या जमिनीत सारा भरणारी कुळं झाली. त्यांच्यातली कित्येक पुढच्या पिढ्यांत बेळगावच्या छावणीत मराठा पलटणीत भरती होऊ लागली. आज गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांत फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल.

ही सगळी वाट आज एका राज्यात नाही, याचा मला त्रास होतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते कोल्हापूरकडे आलं आणि बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले. सीमेचा वाद आपल्याकडे सगळे जाणतात, त्यात इथे शिरत नाही. पण वाटांचं काय झालं, ते सांगायला हवं. नंदगडला रायण्णाच्या समाधीवर जाणारे सामानगडाला येत नाहीत. सामानगडावर सहलीला येणाऱ्या शाळांना निपाणीच्या कोटावर १८४१ मध्ये काय झालं, हे कुणी सांगत नाही. रायण्णाची तक्रार आणि गडकऱ्यांची तक्रार एकच होती, चाकरीपोटीच्या जमिनीची. पहिली कानडीत सांगितली जाते, दुसरी मराठीत. बेळगावच्या पोरांनी एकदा खानापूर-नंदगड आणि गडहिंग्लज-सामानगड अशी दोन्हीकडे पायपीट करावी. एका दिवसात एकच होईल, पण दोन्ही करावी.

जायचंच तर दिवाळीनंतर जावं. पावसाळ्यात रांगण्याच्या वाटेवरचे ओढे माणूस वाहून नेतील एवढे चढतात, आणि चैत्र-वैशाखात मनोहरगडाच्या चढावर सावली मिळत नाही. सामानगड सगळ्यांना जमतो, घरच्या वडीलधाऱ्यांनाही. पाटगाव ते रांगणा हा धडधाकट माणसाचा दिवस आहे. मनसंतोषच्या वाटेला दोर आणि जाणते सोबती असल्याशिवाय जाऊ नये. वाडीत उतरल्यावर रामघाटाची बाजूही पाहून घ्यावी. आता गाड्या तिलारीच्या घाटानं जातात आणि जुनी वाट बरीचशी झाडीत गेली आहे.

फोंड सावंतांच्या घराचं पुढे काय झालं, तेही याच डोंगरात घडलं. १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली. बेळगावच्या छावणीत धरपकड झाली. नरगुंदचे बाबासाहेब भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावातच फाशी दिलं गेलं. याच धामधुमीत फोंड सावंतांची मुलं पुन्हा बाहेर पडली आणि गोव्याच्या हद्दीवरून, सुप्याच्या जंगलातून त्यांनी कंपनीच्या चौक्यांवर छापे घातले. बापाबरोबर मनोहरगडाच्या नाळा उतरलेल्या त्या मुलांना रान नवं नव्हतं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी ते याच रानातून गोव्यात गेले होते, आणि या वेळी त्याच रानातून उलट बाजूनं वर चढून आले.